नळाचं पाणी आपण का सोडलं?

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या दवाखान्यांत एकाच प्रकारचे रुग्ण येऊ लागले. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायातली ताकद जाणं, मग हातातली, आणि काहींच्या बाबतीत श्वासाचे स्नायूही लुळे पडून थेट व्हेंटिलेटर. गुलेन बारी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव त्या महिन्यात घराघरांत पोचलं. पुण्याजवळचं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात रुग्ण सर्वाधिक होते आणि एकूण संख्या दोनशेच्या आसपास गेली. तपासलेल्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, नोरोव्हायरसही सापडला. हे दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातात.

यातली नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. इमारती उभ्या राहिल्या, लोकवस्ती वाढली, पण पाणी जुन्याच वाटेने येत राहिलं. धरणाचं पाणी विहिरीत यायचं आणि तिथून, जलशुद्धीकरण केंद्रात न जाता, फक्त क्लोरीन टाकून घरोघरी जायचं. धरण डोळ्यांसमोर असूनही या लोकांना शहराच्या दर्जाचं पाणी मिळत नव्हतं. ही झाली एक गोष्ट. दुसरी गोष्ट साथ पसरल्यावर पुढे आली. महापालिकेने या भागातल्या, क्षार काढलेलं पाणी जारमधून विकणाऱ्या खासगी आरओ प्रकल्पांचे नमुने तपासले, तेव्हा त्यातल्याही अनेकांचं पाणी दूषित निघालं आणि ते प्रकल्प बंद करावे लागले. नळाच्या पाण्यावर भरवसा नाही म्हणून ज्यांनी पैसे मोजून जार भरून आणले, त्यांच्याही घरात दूषित पाणीच जात होतं.

मला ही दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. पहिल्या गोष्टीवर आपल्याकडे निदान चर्चा होते, निविदा निघतात, मंत्री पाहणी करतात. दुसरीवर कुणीच बोलत नाही, कारण आपण सगळ्यांनी मनातल्या मनात एक समजूत करून घेतली आहे: सार्वजनिक पाणी खराब असणारच, शुद्ध पाण्याची सोय ज्याने त्याने आपापली करायची. माझं म्हणणं असं की ही समजूतच आजच्या पाण्याच्या प्रश्नाचं मूळ आहे. ज्यांच्या शब्दाला वजन होतं त्या कुटुंबांनी नळाचं पाणी पिणं सोडलं, आणि त्यांच्याबरोबर नळाच्या पाण्याची बाजू मांडणारा आवाजही गेला.

आज शहरातल्या कुठल्याही वॉर्ड ऑफिसात पाण्याच्या तक्रारींची वही उघडून पाहा. पाणी आलं नाही, कमी दाबाने आलं, वेळेवर आलं नाही, याच नोंदी जास्त दिसतील. पाणी पिण्याजोगं होतं का, हा प्रश्न तक्रारीत येतो तो थेट गढूळ पाणी आल्यावर किंवा वास सुटल्यावर. म्हणजे नळाचं पाणी आपण आता भांडी घासायला, धुणं धुवायला, टाकी भरायला वापरायचं पाणी मानतो. आणि अभियंत्याला, नगरसेवकाला, आयुक्तांना ज्या गोष्टीबद्दल कुणी विचारत नाही, ती गोष्ट त्यांच्या यादीत खालीच जाते.

ही समजूत आपोआप तयार झाली नाही, तिच्यामागे विक्रीचं तंत्र आहे. घरी आरओचं मशीन दाखवायला येणारा माणूस आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले पदार्थ, मोजायची पेनासारखी पट्टी पाण्यात बुडवतो. मग एक छोटं यंत्र काढतो, त्याला धातूच्या कांड्या असतात. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत कांड्या बुडवून तो बटण दाबतो. थोड्याच वेळात नळाच्या पाण्याच्या ग्लासात तपकिरी-हिरवट गाळ उठतो, वर फेस येतो. मशीनचं पाणी जसंच्या तसं राहतं. घरातली आजी ते पाहून तोंडाला पदर लावते आणि सौदा तिथेच ठरतो. आता यात घडतं काय? पाण्यात विरघळलेले क्षार असले की त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची कांडी झिजते, गंजते. ग्लासात दिसणारा तो गाळ मुख्यतः त्या कांडीचं गंजलेलं लोखंड असतं. मशीनच्या पाण्यात क्षारच उरलेले नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि कांडी गंजत नाही. हाच प्रयोग डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्यावर केला तरी गाळ उठेल. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात असलेली ही गोष्ट घराघरांत भीती घालायला वापरली जाते, हे मला फार लागतं.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांचं एकूण प्रमाण. त्यात कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं, साधं मीठही असतं. पाण्यात कॉलरा किंवा काविळीचे जंतू आहेत की नाहीत, हे टीडीएसच्या आकड्यावरून कळूच शकत नाही. आकडा ८० असलेलं पाणी जीव घेऊ शकतं आणि ६०० असलेलं पाणी निर्धोक असू शकतं. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तिथे २००० पर्यंत सवलत आहे. सह्याद्रीतल्या धरणांत साठणारं पावसाचं पाणी मुळात क्षारांनी हलकं असतं. ते पाणी आरओतून काढणं म्हणजे त्यात जे थोडेफार क्षार आहेत तेही काढून टाकणं. वर एक लिटर पाणी मिळवायला साध्या घरगुती मशीनमधून दोन-तीन लिटर पाणी मोरीत जातं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या पाण्यासाठी आरओ वापरायला मनाई करावी, असे निर्देश दिले होते. पुढे त्यावर बरीच कायदेशीर खेचाखेच झाली आणि घरोघरचे आरओ चालूच राहिले.

आरओ कुठेच नको, असं मी म्हणत नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेला खारपाणपट्टा ज्याने पाहिला आहे, तो असं म्हणणारच नाही. तिथे विहीर खणली तरी खारट, बोअर मारली तरी खारट. पिढ्यान् पिढ्या लोक ते पाणी पितात आणि मूत्रपिंडाच्या आजाराने खंगलेली माणसं त्या गावांतून दिसतात. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या बाजूला बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात, आणि वय वाढलं की कंबर वाकते, सांधे धरतात. फ्लोराइड किंवा नायट्रेट उकळून जात नाही; उलट पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण वाढतं. अशा ठिकाणी क्षार काढणारं तंत्र हवंच. पण तिथेही ते गावाचं हवं, त्याची देखभाल पंचायतीच्या खर्चाने व्हायला हवी आणि मशीनमधून निघणारं खारं पाणी कुठे सोडायचं हे आधी ठरायला हवं. ते पुन्हा त्याच जमिनीत मुरवलं तर आज काढलेले क्षार पुढच्या वर्षी बोअरमधून परत वर येतील. खरा उपाय लांबच्या धरणातून नळयोजना आणणं हाच आहे, हे त्या पट्ट्यातले लोक कित्येक वर्षं सांगत आले आहेत.

नायट्रेटचा प्रश्न तर राज्यभर आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या एक तृतीयांशाहून अधिक भूजल नमुन्यांत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. त्यामागे युरियासारखी खतं आहेत, शोषखड्ड्यांतून झिरपणारं मैलापाणी आहे, विहिरीशेजारचे उकिरडे आहेत. अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचं दूध सुरू केलं आणि ते असल्या पाण्यात कालवलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच कमी होते. चव नाही, रंग नाही, वास नाही. तपासल्याशिवाय कळत नाही. २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले, तेव्हा आधी संशय पाण्यावरच गेला आणि नमुने गोळा झाले. पुढे गव्हातल्या सेलेनियमचं कारण पुढे आलं, पण माझ्या मनात वेगळाच प्रश्न राहिला. खारपाणपट्ट्यातल्या गावाचं पाणी कसं आहे याकडे सगळ्यांचं लक्ष जायला लोकांना टक्कल पडावं लागतं का?

आपल्याकडे पाणी तपासण्याची आणि निर्जंतुक करण्याची व्यवस्था नाही, असं मुळीच नाही. ती खेड्यापाड्यांत आहे आणि तिच्या कामाची पद्धत साधी आहे. कोकणातल्या एका ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक सकाळी काम करताना मी पाहिला आहे. टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पिशवी त्याने ओलीपासून वर, लाकडी फळीवर ठेवली होती आणि तिचं तोंड घट्ट बांधलेलं होतं. उघडी राहिली की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना उरतो. क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायचीच नाही, असा नियम आहे. त्याने टाकीच्या मापाप्रमाणे पावडर मोजली, प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवली, मग बादली भरली आणि ती तशीच ठेवून दिली. चुना खाली बसला, वरचं निवळ पाणी तेवढं त्याने टाकीत ओतलं आणि गाळ बाहेर टाकला. घाईत पावडर तशीच टाकीत भिरकावली तर ती तळाशी गोळा होऊन बसते आणि पाण्यात क्लोरीन उतरतच नाही, असं त्याने सांगितलं. तासाभराने नळ सुटला. मग तो वाडीच्या अगदी टोकाच्या घरी गेला. काचेच्या नळीत नळाचं पाणी घेतलं, ओटीचे, म्हणजे क्लोरीन असला की पाणी पिवळं करणाऱ्या ऑर्थोटोलिडिनचे, थेंब टाकले. पाणी पांढरंच राहिलं. त्याने मान हलवली, पुन्हा टाकीवर गेला आणि मात्रा वाढवली. टोकाच्या घरी पिवळसर झाक दिसली तेव्हाच त्याने वहीत नोंद केली.

लिटरला ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत पोचला पाहिजे, एवढंच त्या पिवळ्या झाकेतून कळतं. पण त्या एवढ्याशा गोष्टीने टायफॉइड, कॉलरा, हगवण लांब राहतात. या माणसाला मिळणारं मानधन किती तुटपुंजं असतं, हे कुठल्याही ग्रामसेवकाला विचारावं. आणि तरी गावाच्या आरोग्यात त्याचा वाटा एखाद्या दवाखान्याइतका आहे असं मी मनापासून मानतो. आपण घरातल्या मशीनच्या वार्षिक देखभालीला हजारो रुपये देतो. गावाच्या जलसुरक्षकाला वेळेवर पगार आणि ताजी पावडर मिळावी म्हणून मात्र एक अर्जही करत नाही.

राज्यात वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी होते. विहिरीला कठडा आहे का, शेजारी उकिरडा आहे का, जलवाहिनी गटारातून गेली आहे का, व्हॉल्व्ह गळतो का, हे पाहून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं आहे. हे सगळं कागदावर उत्तम आहे. अडचण अशी की ते कार्ड पंचायतीच्या फायलीत राहतं. आपल्या गावाला लाल कार्ड आहे हे गावातल्या बहुतेकांना ठाऊकच नसतं.

शहरांची गोष्ट आणखी वेगळी. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी दिवसातून तास-दोन तास येतं; सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगरमध्ये तर लोकांनी चार-चार दिवस वाट पाहत वर्षं काढली आहेत. पाणी बंद झालं की जलवाहिनी रिकामी होते आणि तिच्यातला दाब नाहीसा होतो. तिला कुठे बारीक तडा असेल, सांधा सैल असेल, तर आजूबाजूच्या ओल्या मातीतलं, शेजारून जाणाऱ्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुन्हा पाणी सुटतं तेव्हा पहिला लोट हे सगळं घेऊन येतो. म्हणून जुन्या वाड्यांतल्या बायका पहिलं पाणी सोडून देत. शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी अगदी उत्तम असलं तरी वाटेत ते बाटतं, आणि त्याला कारण दाबाचा अभाव. त्यावर सोसायट्या गच्चीवर टाक्या बांधतात, जमिनीखाली टाक्या बांधतात, त्या वर्षानुवर्षं धुतल्या जात नाहीत, आणि शेवटी सगळा दोष नळाच्या पाण्यावर येतो.

चोवीस तास दाबाने पाणी देणं ही श्रीमंत शहरांची चैन आहे, असं मानणाऱ्यांनी कऱ्हाडजवळचं मलकापूर पाहावं. सातारा जिल्ह्यातल्या या छोट्या गावाने मीटर लावून चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात केली त्याला आता दीड दशक होऊन गेलं. पाणी हवं तेव्हा मिळतं म्हटल्यावर लोक भांडी भरून ठेवत नाहीत आणि शिळं म्हणून फेकूनही देत नाहीत. ओडिशातल्या पुरीने २०२१ मध्ये नळाचं पाणी थेट तोंडाला लावता येईल अशी योजना सुरू केली. लाखो यात्रेकरू येतात अशा देवस्थानाच्या गावाला हे जमलं, ही गोष्ट आपल्या पंढरपूर, तुळजापूर, शिर्डीने मनावर घ्यावी अशी आहे.

आणि इथेच नदीचा विषय येतो, कारण नळाचं पाणी शेवटी नदीतूनच येतं.

अलीकडे नैसर्गिक जीवनशैलीबद्दल खूप बोललं जातं. लाकडी घाण्याचं तेल, खपली गहू, तांब्याच्या हंड्यातलं पाणी. तांब्याच्या भांड्यात पाणी रात्रभर ठेवलं तर त्यातले बरेच जंतू मरतात, हे प्रयोगांनीही दिसलं आहे. तुरटी फिरवून गाळ खाली बसवणं, निवळीच्या बिया उगाळून लावणं, मातीच्या माठात पाणी गार ठेवणं, हे सगळं आपल्या आज्यांचं शहाणपण होतं आणि मला त्याबद्दल आदर आहे. अल्कलाइन पाण्याच्या नावाने जे विकलं जातं त्याबद्दल मात्र तसा आदर वाटत नाही. पोटात गेल्यावर ते पाणी जठरातल्या आम्लात मिसळणारच आहे. पण मोठा मुद्दा असा की निसर्गाशी जुळवून जगायचं म्हणणारा माणूस आपलं सांडपाणी कुठे जातं हे विचारत नसेल, तर त्याचं नैसर्गिक जगणं त्याच्या उंबरठ्यापाशीच संपतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांतून दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघतं आणि त्यातलं प्रत्यक्ष प्रक्रिया होऊन बाहेर पडतं २०,२३६ दशलक्ष लिटर. उरलेलं सगळं नाल्यांतून नद्यांत. त्याच मंडळाने पुढच्या वर्षी देशातले प्रदूषित नदीपट्टे मोजले, तेव्हा सर्वाधिक, ५५ पट्टे महाराष्ट्रात होते.

हे आकडे जमिनीवर कसे दिसतात ते पाहायचं तर भीमेच्या काठाने खाली जावं. पुणं खडकवासल्याचं स्वच्छ पाणी पितं आणि सांडपाणी मुळा-मुठेत सोडतं. पिंपरी-चिंचवड, चाकणचं पाणी इंद्रायणीत येतं. देहूपासून आळंदीपर्यंत वारकरी ज्या नदीत स्नान करतात, तिच्यावर पांढऱ्या फेसाचे डोंगर तरंगताना आपण बातम्यांत पाहतो. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते, पुढे मुळा-मुठाही येऊन मिळते, आणि हे सगळं उजनीच्या जलाशयात जाऊन साठतं. उजनीची क्षमता ११७ टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. उन्हाळ्यात धरण उणे पातळीत गेलं की तळाचं, हिरवट पडलेलं, वास येणारं पाणी उपसून सोलापूरला द्यावं लागतं. खाली पंढरपुरात आषाढीला लाखो माणसं त्याच भीमेला चंद्रभागा म्हणून हात जोडतात, ओंजळभर पाणी तोंडात घालतात, बाटलीत भरून गावी नेतात. पुण्यातल्या न्हाणीघरातून आणि संडासातून गेलेलं पाणी तिथपर्यंत पोचतं हे पुणेकरांना माहीत नाही असं नाही. मुळा-मुठेत जाणारं सांडपाणी शुद्ध करायचा, जपानच्या कर्जातून होणारा जायका प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला आणि ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाला नाही. त्यासाठी पुण्यात किती मोर्चे निघाले? पाणीकपात जाहीर झाली की निघतात तेवढे तरी निघाले का? सोलापूरकरांच्या वतीने एखाद्या पुणेकराने हा प्रश्न निवडणुकीत विचारला, असं मला आठवत नाही. पुण्याच्या घरात मशीन आहे. मशीन लावलेल्या घराला आपल्या खालच्या गावाची तहान दिसत नाही.

शुद्धीकरण केंद्र आहे ना, मग नदी घाण असली म्हणून काय बिघडलं, असं काहींना वाटतं. त्यांनी दिल्लीतली १९५५-५६ ची काविळीची साथ आठवावी. यमुनेतल्या पाणी उचलायच्या जागेपर्यंत नजफगढ नाल्याचं मैलापाणी पोचलं होतं. केंद्रातल्या लोकांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. त्यामुळे टायफॉइड किंवा हगवण वाढली नाही, पण काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले. जिवाणू त्या क्लोरीनने मेले, विषाणू वाचला; तो हेपटायटिस ई होता हे खूप वर्षांनी सिद्ध झालं. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसं दगावली, तेव्हाही पंचगंगेचं प्रदूषण डोळ्यांसमोर होतं. गरोदर बाईला हेपटायटिस ई झाला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. स्रोतच मैला झाला की शुद्धीकरणाला मर्यादा पडते. म्हणून नदी सांभाळणं हा पिण्याच्या पाण्याचाच विषय आहे. तो पर्यावरणवाद्यांवर सोपवून मोकळं होता येणार नाही.

महाराष्ट्राने पाण्याचा प्रश्न सार्वजनिक आहे हे फार आधी ओळखलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, आणि तो ठराव कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरावी लागली. त्यानंतर तळं शुद्ध करायच्या नावाखाली त्यात पंचगव्याच्या घागरी ओतल्या गेल्या आणि तळ्याच्या हक्काचा खटला पुढे दहा वर्षं, १९३७ पर्यंत चालला. त्या लढ्याचा गाभा असा होता की गावाचं पाणी सगळ्यांचं आणि ते सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे. आज घरात मशीन असलेल्याचं पाणी वेगळं, जार आणणाऱ्याचं वेगळं आणि वस्तीच्या टोकाला, गटाराशेजारच्या नळावर हंडा लावणारीचं वेगळं. ही वाटणी कुणी ठरवून केली नसेल, पण ती कुणाच्या वाट्याला काय देते हे पाहिलं की महाडची आठवण होते. घरकाम करणारी बाई आपल्या मालकिणीच्या घरी आरओचं पाणी भरून ठेवते आणि संध्याकाळी स्वतःच्या मुलांना नळाचं पाजते. त्याच मुलाला पावसाळ्यात जुलाब झाले की तिचा चार दिवसांचा रोज बुडतो.

सरकारकडे पैसा नाही, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. पैसा लागतो हे खरं आणि तो पाणीपट्टीतूनही यायला हवा. जारवर महिन्याला पाचशे-सातशे रुपये सहज घालवणारं कुटुंब पाणीपट्टीत थोडी वाढ झाली की रस्त्यावर उतरतं, आणि नगरसेवक पुढच्या निवडणुकीच्या भीतीने वर्षानुवर्षं दर वाढवत नाहीत. मग जलवाहिन्या पन्नास वर्षं जुन्या राहतात. वापरेल त्याने मोजून पैसे द्यावेत, गरीब घराला गरजेपुरतं पाणी नाममात्र दरात मिळावं, आणि ज्याच्याकडे लॉन आणि गाड्या धुवायला पाणी जातं त्याने जास्त भरावं. यात अन्याय्य काही नाही. मात्र मीटर लावायचे तर आधी पाणी पिण्याजोगं हवं, त्याचा रोजचा हिशेब लोकांसमोर हवा. हे दोन्ही एकमेकांना धरून आहेत. आजवर आपण दोन्ही पुढे ढकलत आलो.

कुणी म्हणेल, हे सगळं होईपर्यंत मुलांना काय पाजायचं? जोवर भरवसा नाही तोवर पाणी खळखळून उकळावं, उकळलेलं पाणी झाकून ठेवावं, ओगराळ्यानेच काढावं. फ्लोराइड किंवा खारपाणी असेल तिथे आरओ वापरावा, पण आधी जिल्हा परिषदेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावं. विक्रेत्याच्या कांड्यांवर जाऊ नये. जारचं पाणी घेणाऱ्याने तो प्रकल्प कुठे आहे, पाणी कुठल्या बोअरचं आहे, शेवटची तपासणी कधी झाली हे विचारावं. उत्तर मिळालं नाही तर तो जार नळाच्या पाण्यापेक्षा चांगला मानायला काहीच आधार नाही.

आणि एक काम असं आहे की त्याला पैसा लागत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. तिथे उठून विचारावं: आपल्या गावाला कुठल्या रंगाचं कार्ड आहे, ओटीची नोंदवही दाखवा, टीसीएलचा साठा किती आणि कधीचा आहे, जलसुरक्षकाचं मानधन थकलं आहे का, तपासणीचं किट ज्या पाच जणींच्या हाती दिलं त्या कोण आणि त्यांनी मागच्या महिन्यात काय नोंदवलं. शहरात हेच प्रश्न वॉर्डाच्या पातळीवर लेखी द्यावेत, नमुना कुठल्या नळातून घेतला आणि निकाल काय आला हे मागावं, आणि ते दर आठवड्याला वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लागावं असा आग्रह धरावा. सोसायटीच्या सभेत टाकी धुण्याची तारीख ठरवताना ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनीच हा विषय आधी काढावा, कारण त्यांचं म्हणणं ऐकलं जातं.